सण नाही, बुधवार आहे: माहीममध्ये नवं घर लावताना

आमचा टेम्पो माहीमला पोचला तो एका बुधवारी संध्याकाळी पाच वाजता. मिरजेहून निघालेलं सामान धारावीकडून चर्चच्या चौकापर्यंत आलं आणि तिथे जे अडकलं ते पाऊण तास हललं नाही. रस्त्याच्या कडेने माणसांची रांग होती. फुटपाथवर मेणबत्त्या आणि फुलांचे हार विकायला होते, आणि त्यांच्याच शेजारी मेणाचे हात, मेणाचे पाय, मेणाची बाळं, मेणाची छोटी छोटी घरं. टेम्पोवाल्याने खिडकीतून विचारलं, "आज कसला सण आहे?" टोपली घेऊन बसलेल्या बाई म्हणाल्या, "सण नाही, बुधवार आहे."

माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये १९४८ सालापासून दर बुधवारी नोव्हेना, म्हणजे ख्रिस्ती भाविकांची विशेष प्रार्थना, होते. पहाटेपासून रात्रीपर्यंत, इंग्रजीत, कोकणीत, मराठीत, हिंदीत, तमिळमध्ये. येणाऱ्यांमध्ये हिंदू, मुसलमान, पारशी सगळे असतात. ज्याला घर हवं तो मेणाचं घर वाहतो, ज्याला मूल हवं तो मेणाचं बाळ. हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. आम्ही मात्र भाडं, डिपॉझिट, स्क्वेअर फूट आणि स्टेशनपासूनचं अंतर एवढंच विचारलं होतं. वार कुणालाच विचारला नव्हता.

हा लेख त्या चुकीतून आला आहे. नवी वस्ती म्हणजे वेगवेगळ्या वेळांची गुंफण असते: पाणी येण्याची वेळ, मासळी येण्याची वेळ, अजानची, आरतीची, नोव्हेनाची, भरतीची. त्या वेळा आधी कळल्या की निम्मा त्रास वाचतो, आणि शेजारी लवकर जवळ येतात. उदाहरणं माहीमची आहेत, कारण तीच मला माहीत आहेत. तुम्ही कुर्ल्याला जा, माटुंग्याला जा, मीरा रोडला जा, पद्धत हीच वापरता येईल.

घराआधी वस्ती बघा, तीही निदान तीनदा

ब्रोकर घर दाखवतो ते बहुतेक दुपारी, म्हणजे जेव्हा गल्ली झोपलेली असते आणि पार्किंग रिकामं असतं. त्यामुळे घर आवडलं की ब्रोकरशिवाय, एकटे, आणखी तीन वेळा जा.

पहिल्यांदा कामाच्या दिवशी सकाळी साडेआठला. घरापासून स्टेशनपर्यंत चालत जा आणि घड्याळ लावा. जाहिरातीतली "पाच मिनिटं" कधीकधी पंधरा निघतात. दुसऱ्यांदा रात्री दहानंतर. गल्लीत दिवे आहेत का, बायका-मुलं बिनधास्त फिरतायत का, औषधाचं दुकान उघडं आहे का, हे बघा. तिसऱ्यांदा वस्तीच्या गर्दीच्या दिवशी. तो दिवस कोणता हे कोपऱ्यावरच्या पानवाल्याला किंवा इस्त्रीवाल्याला विचारा. माहीममध्ये बुधवारी चर्चकडची बाजू भरते, गुरुवारी संध्याकाळी मखदूम अली माहीमींच्या दर्ग्याकडची, शुक्रवारी दुपारी मशिदींच्या आसपासची. रविवारी सकाळी सिटीलाईटच्या बाजाराकडे पाय ठेवायला जागा नसते. गर्दी आहे म्हणून घर नाकारा असं मी म्हणत नाही. मला स्वतःला ती गर्दी आवडते. पण घरी व्हीलचेअरवरचं माणूस असेल किंवा तान्हं बाळ असेल तर दार कुठल्या गल्लीत उघडतं याला फार महत्त्व आहे.

जमलं तर चौथी फेरी जोराच्या पावसात मारा. त्याबद्दल पुढे लिहिलंच आहे.

इमारत कुठल्या प्रकारची आहे ते विचारा

बाहेरगावच्या माणसाला मुंबईतल्या सगळ्या इमारती सारख्याच वाटतात. पण माहीम, दादर, गिरगाव या जुन्या भागांत तीन गोष्टी वेगळ्या करून बघाव्या लागतात.

एक, पागडीची इमारत. इथे राहणारा माणूस मालक नसतो, भाडेकरू असतो, आणि घरमालकाच्या संमतीशिवाय त्याने ती खोली दुसऱ्याला भाड्याने देणं कायद्यात बसत नाही. तुम्हाला घर दाखवणारे काका कितीही प्रेमळ असले तरी "पावती कुणाच्या नावाची आहे आणि घरमालकाची लेखी संमती आहे का" हे विचाराच. नसेल तर निमूटपणे पुढचं घर बघा.

दोन, जुनी उपकरप्राप्त इमारत, म्हणजे जिच्यावर दुरुस्तीसाठी उपकर (सेस) बसतो ती. दक्षिण मुंबईपासून माहीम-सायनपर्यंत अशा इमारती आहेत आणि त्यांच्या दुरुस्तीचं काम म्हाडाच्या मंडळाकडे असतं. दर पावसाळ्याआधी अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर होते. ती बघा. जिन्याच्या भिंतीला ओल, गॅलरीखाली लाकडी टेकू, छताच्या सळया उघड्या दिसत असतील तर यादीत नाव नसलं तरी घर घेऊ नका.

तीन, पुनर्विकासाच्या वाटेवरची सोसायटी. नोटीस बोर्ड वाचा. "विशेष सर्वसाधारण सभा", "विकासक", "संमतीपत्र" हे शब्द दिसले तर सरळ सेक्रेटरींना विचारा की घर रिकामं करायची वेळ साधारण कधी येईल. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाला चौथ्याच महिन्यात पुन्हा सामान बांधावं लागलं. मुलाची शाळा सुरू होती, वडिलांचं डायलिसिस जवळच्या दवाखान्यात चालू होतं, आणि घरमालकाने यातलं काहीच आधी सांगितलं नव्हतं.

पाण्याचा प्रश्न वेगळा विचारा. मुंबईत महापालिकेचं पाणी दिवसातून ठरलेल्या वेळी येतं आणि भागाभागाची वेळ वेगळी असते. बहुतेक इमारतींत ते खालच्या टाकीत साठतं आणि पंपाने गच्चीवर चढतं. म्हणून "पाणी चोवीस तास आहे का" या प्रश्नाला "हो" हे उत्तर पुरेसं नाही. नळाला थेट पाणी किती वाजता येतं, टाकीचं पाणी मे महिन्यात पुरतं का, टँकर मागवावा लागतो का, पंप बिघडला तर कोण बघतं, हे विचारा. ब्रोकरला विचारू नका, वॉचमनला विचारा. आणि घर बघताना वरच्या मजल्यावरचा बाथरूमचा नळ उघडून एक बादली भरून बघा. आम्ही आता कुणाबरोबरही घर बघायला गेलो तर हेच आधी करतो.

"फॅमिली का? खाता काय?"

हा भाग लिहिताना मला राग आवरावा लागतो. घर शोधताना आम्हाला पहिले दोन प्रश्न आडनावाचे आणि ताटातल्या पदार्थाचे आले. एका ठिकाणी फोनवरच सांगितलं गेलं, "आमच्याकडे मच्छी चालत नाही." समुद्रापासून हाकेच्या अंतरावर! माझ्या ऑफिसातल्या एका मुसलमान मैत्रिणीला याच शहरात घर मिळायला आमच्या तिप्पट वेळ लागला. पगार तोच, कागद तेच. फरक फक्त नावाचा.

यावर मी दोन गोष्टी करायला सांगेन. पहिली, स्वतःबद्दलचं सगळं टोकन द्यायच्या आधी उघड सांगा: काय खाता, कोण कोण राहणार, रात्रपाळी आहे का, कुत्रा आहे का, गावाकडून पाहुणे येतात का. लपवून घेतलेलं घर वर्षभर टोचत राहतं. आणि शेजारी शाकाहारी असतील तर मासळीचं पाणी आणि काटे वेगळ्या पिशवीत घट्ट बांधून टाकणं हे आपलं काम आहे. दुसरी, एखाद्या इमारतीत "आमच्याकडे अमुक लोक नाहीत" हे कौतुकाने सांगितलं जात असेल, तर आपण त्या "अमुक" मध्ये बसत नसलो तरी तिथे घर घेऊ नये. मुलं जिन्यात जे ऐकतात तेच शिकतात. आम्ही असं एक हवेशीर घर सोडलं आणि त्याहून लहान घेतलं. आमच्या मजल्यावर समोर आंटी आहेत, डावीकडे भाभी, खाली एक कोकणी मुसलमान कुटुंब आणि वर निवृत्त गुजराती मास्तर. मी मिरजेची. मिरासाहेबांचा दर्गा आणि मिशन हॉस्पिटल यांच्या मधल्या गावात वाढलेल्या माणसाला अशाच जिन्यात घरी आल्यासारखं वाटतं.

करार: इथे घाई करू नका

पैसे देण्याआधी घरमालकाचं ओळखपत्र, घराच्या मालकीचा कागद (इंडेक्स टू किंवा शेअर सर्टिफिकेट), ताजं वीजबिल आणि सोसायटीची देखभालीची पावती बघा. चारही ठिकाणी नाव एकच हवं. खोटा मालक उभा करून टोकन घेण्याचे प्रकार होतात, आणि ते बहुतेक "आज टोकन दिलं नाही तर घर जाईल" या वाक्याने सुरू होतात.

महाराष्ट्रात भाड्याने राहायचं तर बहुतेक वेळा लिव्ह अँड लायसन्सचा करार होतो. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही असं अजूनही खूप लोक सांगतात. ते चूक आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार हा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, मुदत कितीही असो, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी ऑनलाइन होते आणि अंगठ्याच्या ठशासाठी माणूस घरी येतो. मुद्रांक शुल्क एकूण भाडं आणि डिपॉझिटवरचं वर्षाला १० टक्के दराने धरलेलं व्याज, यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के लागतं. म्हणजे महिना ४०,००० रुपये भाडं, १,५०,००० रुपये डिपॉझिट आणि अकरा महिने मुदत असेल तर शुल्क साधारण ११०० ते ११५० रुपये होतं. त्यावर महापालिका हद्दीत नोंदणी फी १००० रुपये. एजंट याच्या कित्येक पट आकडा सांगत असेल तर त्यात त्याची मजुरी किती हे वेगळं लिहून मागा.

करारात या गोष्टी शब्दांत लिहिलेल्या हव्यात: लॉक-इन (म्हणजे ज्या काळात करार मधेच मोडता येत नाही तो) किती महिन्यांचा, नोटीस किती दिवसांची, देखभाल कोण भरणार, रंगाचे पैसे डिपॉझिटमधून कापणार का, आणि घर सोडल्यावर डिपॉझिट किती दिवसांत परत मिळणार. शेवटचा मुद्दा बहुतेकांच्या करारात मोघम असतो आणि भांडणं तिथेच होतात. "किल्ली परत देताना त्याच वेळी" असं लिहून घ्या. डिपॉझिट बँकेतूनच द्या, रोख नको. भाडं महिन्याला ५०,००० रुपयांच्या वर असेल तर त्यावर २ टक्के कर कापून भरायची जबाबदारी भाड्याने राहणाऱ्याची असते, हे पुष्कळांना नोटीस आल्यावरच कळतं.

मुदत संपल्यावर नवा करार न करता राहणं धोक्याचं आहे. कायद्याप्रमाणे घरमालक त्या काळाचं दुप्पट भाडं मागू शकतो.

भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्याला कळवणं घरमालकाचं काम आहे. ते केलं की त्याची प्रत स्वतःजवळ ठेवा. सोसायटीलाही करार आणि ही प्रत द्यावी लागते. घर भाड्याने दिल्याबद्दल सोसायटी जे बिनभोगवटा शुल्क लावते ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही, आणि ते मालकाने भरायचं असतं. त्याचा भार तुमच्या भाड्यात गुपचूप घातला आहे का ते विचारा.

सामान आणायचा दिवस

वार तुम्ही निवडालच. त्याशिवाय सेक्रेटरींना तीन गोष्टी विचारा: लिफ्टमधून सामान नेता येतं का, किती ते किती वाजेपर्यंत, आणि सामान चढवण्याची काही फी किंवा अनामत आहे का. कपाट जिन्याच्या वळणावर बसतं का हे टेप लावून आधीच मोजा. आमचं आजेसासूबाईंचं सागवानी कपाट दुसऱ्या मजल्याच्या वळणावर अडकलं आणि शेवटी दोर लावून गॅलरीतून घ्यावं लागलं. दोर समोरच्या आंटींच्या घरातला होता. आमची पहिली ओळख त्या दोराने झाली.

सामान आत येण्याआधी रिकाम्या घराचा व्हिडिओ काढा: भिंती, फरशा, नळ, गीझर, खिडक्यांच्या काचा, वीज आणि गॅसच्या मीटरवरचे आकडे. तो त्याच दिवशी घरमालकाला पाठवा. डिपॉझिट परत घेताना याच्याइतकं काही कामाला येत नाही.

पहिला आठवडा

माहीमपर्यंत वीज बेस्टची आहे, खाडी ओलांडून वांद्र्याला गेलात की अदाणीची. त्यामुळे बिल भरण्याची जागा, तक्रारीचा नंबर, सगळं बदलतं. आधीच्या माणसाचं बिल थकलेलं नाही ना हे बघा. पाइपचा गॅस असेल तर महानगर गॅसच्या बिलाचंही तेच. सिलिंडर वापरायचा असेल तर जुन्या गावातल्या एजन्सीकडे सिलिंडर आणि रेग्युलेटर जमा करून बदलीचा कागद घ्या, म्हणजे नवीन एजन्सीत कनेक्शन चालू राहतं. हे गाव सोडण्याआधीच करावं लागतं, आणि नेमकं तेच विसरलं जातं.

कचरा ओला आणि सुका वेगळा द्यायचा असतो. गाडी कधी येते हे वॉचमनकडून कळेल. महापालिकेची कामं माहीमसाठी जी उत्तर विभागाच्या कार्यालयात होतात, ते दादरला आहे. माहीम, दादर आणि धारावी तिन्ही त्यातच येतात.

नोंदणीकृत करार आधारवरचा पत्ता बदलायला चालतो. मतदार यादीतलं नाव नव्या पत्त्यावर आणायला अर्ज क्रमांक ८ भरायचा. लोक वर्षानुवर्षं गावच्या यादीत राहतात आणि मग गल्लीतल्या तुंबलेल्या गटाराबद्दल कुणाला विचारायचं ते त्यांना कळत नाही. ज्या वस्तीत राहता तिथे मत द्या.

शेजार

यासाठी कागद लागत नाही, पण वेळ सगळ्यात जास्त द्यावा लागतो.

पहिल्या दोन दिवसांत मजल्यावरच्या प्रत्येक दारावर जाऊन नाव सांगा. सोबत काही न्यायचं असेल तर बिनअंड्याचं, बिनमांसाचं न्या, म्हणजे प्रत्येकाला खाता येईल. आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, शंकरपाळे केले होते. वरच्या मास्तरांनी आधी विचारलं, "कांदा-लसूण नाही ना?" खालच्या काकूंनी डबा परत देताना त्यात खजूर घालून दिले. आमच्याकडेही डबा रिकामा परत देत नाहीत. ही रीत दोन्ही घरांत सारखीच आहे, हे आईंना त्या दिवशी कळलं आणि त्या दोघींची गट्टी जमली.

कुणाला काय हाक मारायची हे ऐकून ठरवा. आमच्या मजल्यावर समोरच्या बाईंना सगळेच "आंटी" म्हणतात. खालच्या काकू माझ्याशी मराठीत बोलतात आणि घरी कोकणी बोलीत. सुरुवातीला मी त्यांच्याशी उगाच हिंदीत बोलत होते. त्या शांतपणे मराठीत उत्तर देत राहिल्या. समोरच्या माणसाचं नाव ऐकून भाषा ठरवू नका, पहिलं वाक्य आपल्या भाषेत बोला आणि तो कशात उत्तर देतो ते बघा. मुंबईतले मूळ रहिवासी ईस्ट इंडियन ख्रिस्ती आणि कोळी दोघंही मराठीच बोलतात, फक्त तिचा सूर आपल्या घाटावरच्या मराठीपेक्षा निराळा असतो. आंटींचं मराठी ऐकायला मला पहिले पंधरा दिवस कान टवकारावे लागले.

आवाजाचं आधी बोलून घ्या. आमच्या घरात पहाटेची अजान ऐकू येते, संध्याकाळी देवळातली घंटा, रविवारी चर्चची. मुलगा पहिले काही दिवस पहाटे दचकून उठायचा. आता तो झोपेतच कूस बदलतो. आपल्याकडे सत्यनारायण असेल, गणपतीत रोज आरती होणार असेल, तर शेजारी आजारी माणूस किंवा परीक्षेला बसलेलं मूल आहे का हे विचारून वेळ ठरवा. विचारणारा माणूस लोकांना लक्षात राहतो.

पहिल्या महिन्यात स्वतःहून एक मदत मागा. शिडी, हातोडा, प्लंबरचा नंबर, काहीही. मागितल्याशिवाय लोक तुमच्या दारात येत नाहीत, त्यांना वाटतं की तुम्हाला एकटं राहायचंय. आणि घरकामाला येणाऱ्या मावशी, वॉचमनचाचा, कचरा नेणारे दादा यांची नावं पहिल्याच दिवशी विचारून घ्या. इमारतीचं सगळं त्यांना माहीत असतं, आणि त्यांना नावाने हाक मारणारी घरं थोडी असतात.

बाजार

भाजी आणि मासळीसाठी माहीम-माटुंगा भागातले लोक सिटीलाईट सिनेमाजवळच्या गोपी टँक बाजारात जातात. कोळणीकडे पहिल्यांदा जाताना ओळखीच्या माणसाबरोबर जा. मी आंटींबरोबर गेले. त्यांनी मला सुरमईचे कल्ले उचलून दाखवले: आत लालभडक हवेत, डोळा फुगीर आणि चकचकीत, बोटाने दाबलं तर मांस परत वर यायला हवं. बोंबील घ्यायचा तर ताठ आणि चमकदार, लिबलिबीत नको. भाव करताना मावशींच्या पाटीतली मासळी नाकाला रुमाल लावून बघू नका. तो अपमान आहे, आणि त्यांच्या तो लक्षात राहतो. एकाच मावशींकडे चार आठवडे गेलात की पाचव्या आठवड्यात त्या स्वतःच सांगतात, "आज घेऊ नको, उद्या ये."

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. तेव्हा खाडीतली मासळी, बर्फातली आणि सुकी एवढंच मिळतं. सुके बोंबील आणि सोडे मे महिन्यातच भरून ठेवा. नारळी पौर्णिमेला कोळीवाड्यात समुद्राला नारळ अर्पण करतात. त्या संध्याकाळी मुलांना घेऊन जा.

रस्त्यांची दोन-दोन नावं

पत्ता विचारताना गोंधळ होतो तो यामुळे. पाटीवर वीर सावरकर मार्ग असतं, म्हातारी माणसं कॅडल रोड म्हणतात. सेनापती बापट मार्गाला टॅक्सीवाले तुळशी पाइप म्हणतात, कारण तुळशी तलावाच्या पाण्याची नळवाहिनी त्या बाजूने गेली आहे. एल. जे. रोड म्हणजे लेडी जमशेदजी रोड. माहीम आणि वांद्रे यांच्यामधली खाडी ओलांडायला पूर्वी होडीच होती. सरकारने पैसे नाकारल्यावर या बाईंनी स्वतःचे दीड लाखाहून अधिक रुपये दिले आणि १८४५ मध्ये कॉजवे खुला झाला. टोल घ्यायचा नाही, या अटीवर. रोज त्या रस्त्याने जाताना मला हे आठवतं. पत्ता सांगताना दोन्ही नावं सांगा आणि जवळची खूण सांगा.

रेल्वेचंही लक्षात घ्या. माहीमला पश्चिम मार्गावरच्या फक्त धिम्या गाड्या थांबतात. जलद हवी तर दादर किंवा वांद्र्याला जावं लागतं. हार्बरच्या गाड्या मात्र इथून मिळतात, म्हणून वडाळा-कुर्ल्याकडे नोकरी असणाऱ्याला माहीम सोयीचं. मेट्रो ३ चं शीतलादेवी स्थानक २०२५ मध्ये सुरू झाल्यापासून बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल) आणि दक्षिण मुंबई दोन्हीकडे जमिनीखालून जाता येतं. माझं ऑफिस बीकेसीला. कॉजवेवरच्या गाड्यांच्या रांगेत आता माझा एक मिनिटही जात नाही.

स्वयंपाकघरातल्या भिंतीवर वर्षाचं कॅलेंडर

आंटी, खालच्या काकू आणि मी अशा तिघींनी बसून एका कॅलेंडरवर खुणा केल्या. नव्या वस्तीत गेलात तर हे पहिल्याच महिन्यात करा. आमच्या खुणा अशा:

जानेवारीत मॅरेथॉनचा रविवार, सकाळी रस्ते बंद. रमजानमध्ये संध्याकाळी दर्ग्याच्या गल्लीत खाण्याचे ठेले. गाडी न्यायची नाही, पण चालत जरूर जायचं. गणपतीत विसर्जनाच्या दिवशी समुद्राकडचे रस्ते गर्दीचे. सप्टेंबरमध्ये वांद्र्याची मतमाउलीची जत्रा, कॉजवेवर खोळंबा. दसऱ्याला शिवाजी पार्कवर मेळावा. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर लाखो माणसं येतात. त्या दिवसांत दादरला कामं ठेवायची नाहीत, आणि जमेल त्याने पाणी-जेवणाच्या सेवेत हात लावायचा. डिसेंबरच्याच सुमाराला मखदूम बाबांचा उरूस, दहा दिवस. माहीम पोलीस ठाण्याचं संदल वाजतगाजत निघतं, रेती बंदरावर पाळणे लागतात, आणि हलवा-पराठ्याचा तो मोठाच्या मोठा पराठा मुलाने पहिल्यांदा पाहिला तेव्हा तो बोलायचाच थांबला होता.

पाऊस

मिठी नदी माहीमच्या खाडीतच समुद्राला मिळते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, त्या दिवसाच्या गोष्टी इथे प्रत्येक घरात आहेत. मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की पाणी समुद्रात जाऊ शकत नाही, उलट रस्त्यावर येतं. साडेचार मीटरच्या वरच्या भरतीचे दिवस महापालिका पावसाळ्याआधीच जाहीर करते. ते त्याच कॅलेंडरवर लिहा. तळमजल्यावर घर असेल तर जुनं पाणी कुठवर चढलं होतं हे शेजाऱ्यांना भिंतीवर हात ठेवून दाखवायला सांगा. कागदपत्रं वरच्या फळीवर प्लास्टिकमध्ये ठेवा. आपत्कालीन क्रमांक १९१६ मुलांनाही पाठ हवा. पावसाळ्याच्या दिवसांत एका नातेवाइकाचं घर ठरवून ठेवा, जिथे गाड्या बंद पडल्या तर रात्र काढता येईल, आणि तुमच्याकडे येऊन अडकणाऱ्यांसाठी एक जादा चादर घरात ठेवा.

करार संपत आला की

दोन महिने आधी घरमालकाशी बोला. भाडंवाढ किती, पुन्हा नोंदणी कधी, लिहून घ्या. घर बदलायचं ठरलंच तर आधीचा व्हिडिओ काढून बघा, मीटरचे फोटो काढा, सोसायटीला कळवा, गॅस आणि विजेची शेवटची बिलं भरून पावत्या जपा.

आमचा दुसरा करार झाला. गेल्या महिन्यात नणंदेचा फोन आला, तिची बदली झाली आहे आणि दोन गल्ल्या पलीकडे तिने घर घेतलंय. तिने विचारलं, सामान कधी आणू? मी काही बोलायच्या आत मुलाने फोन घेतला आणि सांगितलं, "आत्या, मंगळवारी आण, सकाळी. आणि बादली वरच ठेव, पाणी आलं की आधी ती भरायची."